चार उभ्या, एक आडवी

एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी. एक बस म्हणजे तीन. स्कूटर अर्धी, आणि सायकलही अर्धीच. रस्ते आखणाऱ्यांचा हा हिशेब आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी १९९० साली जो तक्ता छापला, त्यात हे आकडे सापडतील. शहरातल्या रस्त्यांसाठी त्याच वर्षी वेगळी पुस्तिका निघाली. तिच्यात आकडे थोडे इकडेतिकडे होतात, रीत मात्र तीच. रस्त्यावरून जे जे जाईल ते मोटारीच्या मापात बसवायचं, त्याची बेरीज करायची आणि तासाला किती मोटारींइतकी वाहतूक झाली ते लिहायचं. त्या बेरजेवरून रस्त्याची रुंदी ठरते.

या बेरजेत माणूस कुठेच येत नाही. साठ माणसांनी भरलेली बस तीन मोटारी, आणि डेपोकडे रिकामी निघालेली बसही तीनच. म्हणजे बस हा रस्त्यावरचा भार झाला आणि सायकल ही मोटारीच्या वाटेतली अर्धी अडचण. पुण्याच्या सातारा रस्त्यावर बसला आणि सायकलला जागा करून देण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांची हकीकत मी या तक्त्यापासून सुरू करते, कारण भांडणाचं मूळ मला इथे दिसतं. रस्त्यांची मोजणी आणि नकाशे करणाऱ्या एका लहान खासगी कार्यालयात मी ड्राफ्ट्समन होते. स्वारगेट ते कात्रज हा तुकडा मी कागदावर काढला आहे, त्यावरून सायकल चालवली आहे, आणि आता गुडघे कुरकुरतात तेव्हा बसने जाते.

रस्ता म्हणावा तर तो आधी पाण्याचा. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला तलाव बांधला आणि तिथलं पाणी दगडी बांधणीच्या भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणलं. नळात हवा खेळावी म्हणून जागोजागी उच्छ्वास ठेवले होते. घाट उतरून आलेली वाटही याच बाजूने शहरात शिरायची. पुढे ती मुंबई–बंगळूर महामार्गाचा भाग झाली. कात्रजचं बाह्यवळण होईपर्यंत साताऱ्या-कोल्हापूरकडून आलेला ट्रक स्वारगेटच्या चौकातूनच जायचा. हा रस्ता नंतर दोन्ही बाजूंनी वस्तीने भरला, शाळा आल्या, बाजार आला. तरी त्याच्याकडे पाहण्याची नजर महामार्गाचीच राहिली. गाडी न थांबता पुढे निघाली पाहिजे, बाकीच्यांनी कडेने जावं.

ही नजर देणाऱ्या संस्थेचा पुण्याशी एक जुना धागा आहे. १९२७ साली सरकारने देशातल्या रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच, ज्यांच्या नावाचं ग्रंथालय विद्यापीठात आहे. रस्ते ही निव्वळ जिल्हा-तालुक्याची बाब नाही, देशाने त्यासाठी पैसा बाजूला काढला पाहिजे, असं जयकर समितीने सांगितलं. त्यातून रस्तेनिधी उभा राहिला, आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. डांबर किती जाड, वळण किती, पूल किती रुंद, हे सगळं देशभर एका मापाने व्हायला लागलं ते या संस्थेमुळे. मी तिच्या पुस्तिका वापरूनच पोट भरलं. त्यांतल्या बहुतेक पुस्तिकांबद्दल मला आदर आहे, आणि एकीबद्दल तर विशेष. तिच्याकडे येतेच.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत होतं. पुरानंतर शहर ज्या दिशांनी बाहेर सरकलं त्यांतली एक पर्वतीपलीकडची. सहकारनगरात पूरग्रस्तांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि आम्ही तिकडे आलो. पुण्याच्या इतिहासात पानशेतचं वर्णन पाण्याची उंची, पडलेले वाडे, गेलेली माणसं असं येतं, ते यायलाच हवं. पण त्या पुराने आणखी एक गोष्ट केली, तिच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. त्याने हजारो माणसांचं काम आणि घर यांतलं अंतर एका रात्रीत वाढवलं.

माझे वडील, अण्णा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते. पेठेतून खडकी तशी बेताची. सहकारनगरातून जाऊन-येऊन वीस किलोमीटरच्या वर झालं. अण्णांची सेन-रॅलेची काळी सायकल होती, पुढे डायनॅमोचा दिवा, मागे कॅरिअरला डबा, आणि सायकलकर भरल्याचा बिल्ला. अरण्येश्वरावरून सातारा रस्त्याला लागायचं, स्वारगेट, शिवाजी रस्ता, मंडई, शनिवारवाडा, शिवाजीनगर, वाकडेवाडी, खडकी. पहिल्या पाळीला अंधारात निघावं लागे. स्वारगेटपाशी दुसरे कामगार भेटायचे, पुलापाशी आणखी, आणि वाकडेवाडीनंतर तर रस्ता डावीकडून भरूनच जायचा. पाळी सुटली की हेच उलट. तेव्हा त्या रस्त्यावर सायकलसाठी कोणी रेघ मारली नव्हती. गर्दी इतकी की तीच रेघ व्हायची; मागून येणारा ट्रकसुद्धा कारखाना सुटायची वेळ सांभाळून निघायचा. मी सायकल शिकले ती तासाच्या भाड्याने आणलेली, दांडीची, माझ्यापेक्षा उंच. मुलींसाठी लेडीज सायकल हवी तर आधी सांगून ठेवावी लागायची.

बस होत्या. १९५० मध्ये पुण्याची महापालिका झाली आणि शहराची बससेवा पीएमटी म्हणून तिच्याकडे आली. आमच्याकडे बस ही आईची, आजीची, पावसाची आणि दवाखान्याची. रोजच्या कामाला सायकल. दोघींचं भांडण नव्हतं, कारण दोघी एकाच कडेने जात होत्या आणि त्या कडेवर तिसरं कोणी नव्हतं.

आता ती पुस्तिका. पानशेतच्या पुढच्याच वर्षी, १९६२ ला, इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल ट्रॅकच्या आखणीचे नियम छापले. अनुक्रमांक ११. पातळशी, पण त्या काळात इतकं स्वच्छ कोणी लिहिलं नव्हतं. गर्दीच्या तासाला ४०० किंवा जास्त सायकली आणि १०० ते २०० मोटारगाड्या असतील, तर सायकलसाठी वेगळा ट्रॅक करावा. मोटारगाड्या तासाला २०० च्या वर गेल्या, तर सायकली केवळ १०० असल्या तरी ट्रॅक करावा. रुंदी किमान दोन मीटर.

दुसरं वाक्य मला आजही थांबवतं. मोटारी जितक्या वाढतील तितक्या कमी सायकलींसाठी ट्रॅक लागेल, असं ते म्हणतं. सायकलवाले कमी झाले म्हणून ट्रॅकची गरज संपली, हे आज प्रत्येक चर्चेत ऐकू येणारं म्हणणं त्या पुस्तिकेने साठ वर्षांपूर्वीच खोडून ठेवलं होतं. मोटार वाढली की सायकलला धोका वाढतो, म्हणून राहिलेल्या शंभरांना तर आधी जागा द्या. इतकं सरळ आहे ते.

मी कामाला लागले तेव्हा पहिली नेमणूक मोजणीवर. चौकाच्या कोपऱ्यावर स्टूल, मांडीवर क्लिपबोर्ड, त्यावर छापील तक्ता. रकाने वरून खाली नसून डावीकडून उजवीकडे: मोटार, जीप, बस, ट्रक, रिक्षा, स्कूटर-मोटारसायकल, सायकल, हातगाडी, बैलगाडी. एक वाहन गेलं की एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी त्यांच्यावरून आडवी. दर पंधरा मिनिटांनी खाली रेघ ओढून नवा खण. सकाळी आम्ही मुली, रात्री मुलगे. एका दिशेला दोघं लागायची, कारण स्वारगेटला सायकलच्या रकान्यात पेन्सिल वर उचलायला सवड नसायची. १९६२ च्या पुस्तिकेतले शंभर पंधरा मिनिटांच्या एका खणातच भरायचे.

बस आली की एक रेघ, आणि ती गेली. दारात लोंबकळणारी मुलं, आत मान वाकडी करून उभ्या बायका, कंडक्टरचं 'पुढे सरका, पुढे सरका', या सगळ्याची मिळून एक रेघ. बसमध्ये किती माणसं आहेत ते पाहण्याचा सर्व्हेही असतो. त्याला मी पुढे अनेकदा बसले: रिकामी, निम्मी, सीट भरलेल्या, उभे प्रवासी, दारात प्रवासी, असे अंदाजाचे वर्ग करायचे आणि बस समोरून जाताना एकावर खूण करायची. पण ते कागद बससेवेच्या अहवालात जायचे. रस्त्याच्या रुंदीच्या बेरजेत यायची ती तीन मोटारींची रेघ.

मोजणीनंतर मी टेबलावर आले. रस्त्याचा आडवा छेद काढणं हे माझं काम. रस्ता सुरीने आडवा कापून समोरून पाहिला तर काय दिसेल, ते. ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगची पेनं, चुकलं तर ब्लेडने शाई अलगद खरवडायची, मग अमोनियाच्या वासाचे प्रिंट. छेद काढण्याचा एक क्रम ठरलेला होता, आणि तो कुठल्याही नियमापेक्षा घट्ट होता. आधी मध्यरेषा. मग दुभाजक. मग दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन मीटरच्या लेन, बेरजेला लागतील तितक्या. मग हद्दीची रेघ. लेन आणि हद्द यांच्यामध्ये जे उरेल त्यात पदपथ, गटार, विजेचे खांब, टेलिफोनची पेटी, झाड, बसथांबा आणि सायकल. मोटारीला मापून जागा मिळे, बाकीच्यांना उरलेली. कोणी वाईट हेतूने हे करत नव्हतं. आमचे साहेब स्वतः सायकलने यायचे. पण पेन मध्यापासून सुरू होऊन कडेकडे जायचं, आणि कडेला पोचेपर्यंत कागदावरची जागा संपलेली असायची.

याच वर्षांत रस्त्यावर तिसरं कोणीतरी आलं. पुणं हे दुचाकी बनवणारंच गाव. आकुर्डीला बजाजचा कारखाना, चेतक १९७२ ची, कायनेटिकची लूनाही १९७२ ची. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षं काढावी लागत तोवर तिचा वेग आवरलेला होता. ऐंशीच्या दशकात परवान्यांची मिठी सैल झाली, कायनेटिक होंडा आली, शंभर सीसीच्या मोटारसायकली आल्या, आणि सायकलवरून उतरायचा रस्ता मोकळा झाला. माझ्या भावाने लूना घेतली. शेजारच्या बायकांनी नव्वदीत स्कूटरेट घेतल्या, आणि त्यांना त्या घ्याव्याशा वाटल्या याचं मला पूर्ण समाधान आहे. नोकरी, मुलांची शाळा, भाजी, सासूबाईंचा दवाखाना हे सगळं एका दिवसात बसवणाऱ्या बाईला चाकांची किंमत काय असते ते मी जाणते.

दुचाकी मात्र डावीकडून निघाली. मोटारीच्या लेनमध्ये तिला वेग मिळत नव्हता, म्हणून ती कडेला आली, जिथे सायकल होती आणि बसचा थांबा होता. सायकलवाल्याच्या कानाशी हॉर्न वाजू लागला. बस थांब्याला लागायला डावीकडे वळली की मधे चार स्कूटर. मग ड्रायव्हर रस्त्याच्या मध्यातच बस थांबवायचा आणि प्रवाशांनी वाहत्या दुचाकींमधून धावत जाऊन ती पकडायची. म्हाताऱ्या माणसांनी बस सोडली ती तिच्या तिकिटामुळे नव्हे, या धावण्यामुळे. सायकल सोडली ती अंतरामुळे नव्हे, हॉर्नमुळे. आणि दोघांनीही सोडल्यावर घरात आणखी एक दुचाकी आली. २०१८ मध्ये पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या छापून आल्या. अण्णांनी निवृत्त होईपर्यंत सायकल सोडली नाही. शेवटच्या वर्षांत ते उजेड झाल्याशिवाय निघायचे नाहीत, उशिराचा शेरा चालेल म्हणायचे.

मग २००६ आलं. देशाचं शहरी वाहतुकीचं राष्ट्रीय धोरण त्या वर्षी जाहीर झालं, आणि त्यात आमच्या धंद्याला उलटं करणारी एक गोष्ट होती: रस्त्याची जागा वाटताना वाहनांकडे न पाहता माणसांकडे पाहावं. आदल्या डिसेंबरात शहरांसाठी नेहरू अभियान सुरू झालं होतं, त्यामुळे पैशाचीही वाट होती. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर पुण्याची बीआरटी सुरू झाली. बसला स्वतःची लेन देण्याचा देशातला हा पहिला प्रयोग. अहमदाबादची जनमार्ग त्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी आली. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ पासून आणि बोगोटाने २००० च्या डिसेंबरपासून जे केलं होतं, ते आमच्या पद्मावती-बालाजीनगरच्या रस्त्यावर आलं.

मला तेव्हा झालेला आनंद मी लपवणार नाही. छेदाच्या मध्यभागी, जिथे आमचं पेन नेहमी मोटारीसाठी सुरू व्हायचं, तिथे बस काढलेली होती. दोन लेन मध्यात बससाठी, त्यांच्या बाहेर सगळ्या गाड्या, आणि कडेला पदपथाला लागून सायकल ट्रॅक. कागदावर हा छेद सुंदर होता. सायकलला दुचाकीपासून दगडी कडेने तोडलेलं होतं आणि बसच्या डावीकडे स्कूटर घुसण्याची सोयच ठेवली नव्हती. गेल्या तीस वर्षांत त्या कडेला जे जे झालं त्याचं उत्तर त्या कागदावर होतं.

रस्त्यावर ते उतरलं घाईने आणि अर्धं. थांबा मध्यात गेला म्हणजे प्रत्येक प्रवाशाला गाड्यांच्या लेन ओलांडून जावं लागणार, तेव्हा सगळ्यात आधी लागतं ते सुरक्षित ओलांडणं. ते नीट उभं राहायच्या आत बस धावू लागल्या. अपघात झाले, माणसं गेली. बसच्या लेनमध्ये दुचाकी, रिक्षा, मोटारी शिरत राहिल्या. वॉर्डन उभे केले की बाहेर, ते हलले की आत. पुढे चौकांवर उड्डाणपूल झाले, आणि जिथे पूल आला तिथे बसची सलग लेन तुटली. सायकल ट्रॅक तर ठोकळ्यांचा. झाड आलं की ट्रॅक वाकडा, खांब आला की अरुंद, डीपीची पेटी आली की संपला, दुकानासमोर टपरी. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी तो पायरीसारखा खाली उतरायचा आणि पलीकडे वर चढायचा. सायकल चालवणाऱ्याला इतकं उतरणं-चढणं रोज जमत नाही. तो रस्त्यावरूनच गेला, आणि मग लोक म्हणू लागले की पाहा, ट्रॅक केला तरी कोणी वापरत नाही.

सगळ्यात मोठा राग 'रिकाम्या लेन'चा. आम्ही इथे तासन् तास अडकलोय आणि शेजारची लेन मोकळी पडलीय, हे मी बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे ऐकलं. म्हणून हिशेबच मांडते. मिनिटाला एक बस आणि बसमध्ये पन्नास माणसं धरली तर तासाला तीन हजार माणसं त्या लेनमधून गेली. बस ताशी वीस किलोमीटरने चालली तर मिनिटात ती ३३३ मीटर जाते. म्हणजे एका बसपासून दुसऱ्या बसपर्यंत पाव किलोमीटरहून जास्त डांबर मोकळंच दिसणार. शेजारची मोटारीची लेन घ्या. सिग्नलचा निम्म्याहून अधिक वेळ लाल जातो, त्यामुळे तासाला आठशे मोटारी निघाल्या तरी पुष्कळ. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर बाराशे. दुचाकींची लेन धरली तर आकडा वर जातो, हे खरं आहे, तीन हजारांच्या जवळ मात्र तो सहज पोचत नाही. भरलेली दिसते ती लेन कमी माणसं नेते, मोकळी दिसते ती जास्त. पण यात एक अट आहे: मिनिटाला बस आली पाहिजे. बस आठ-दहा मिनिटांनी येऊ लागली की रागावणाऱ्यांचं म्हणणं खरं व्हायला लागतं. लेन बांधायला एकदा पैसे लागतात, ती बसने भरायला दर महिन्याला. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल झाली. त्यानंतरची वर्षं पाहिली तर शहर बसच्या ताफ्यामागे कधीच त्या जोमाने गेलं नाही ज्या जोमाने ते उड्डाणपुलामागे गेलं. हे माझं मत आहे, आणि मी ते ठामपणे मांडते.

दिल्लीत याहून वाईट झालं. तिथला बीआरटी मार्ग २००८ मध्ये सुरू झाला, मोटारवाल्यांनी कोर्टात धाव घेतली, २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने बसच्या बाजूने निकाल दिला, आणि तरीही २०१६ मध्ये तो उखडला गेला. पुण्यात दुसरी फेरी बरी होती. २०१५ पासून 'रेनबो' नावाने जे मार्ग सुरू झाले, संगमवाडी–विश्रांतवाडी, पिंपरी-चिंचवडमधले औंध–रावेत आणि इतर, त्यांत थांब्याचा फलाट बसच्या फरशीच्या उंचीला आणला आणि बसला उजवीकडे दारं दिली. साडी नेसून, हातात पिशवी घेऊन, बसच्या पहिल्या पायरीला हात टेकत चढलेल्या कोणालाही विचारा, घरातून उंबरठा ओलांडावा तसं बसमध्ये पाऊल टाकता येणं म्हणजे काय. नगर रस्त्यावरचा बीआरटीचा काही भाग मात्र २०२३ मध्ये काढून टाकला. कोंडी होते, हे कारण. त्या कोंडीच्या बेरजेत बस किती मोटारींची धरली होती, ते मला पाहायला आवडेल.

सायकलसाठी २०१७ मध्ये महापालिकेने स्वतंत्र आराखडा केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली आल्या, मोबाइलने कुलूप उघडणाऱ्या, आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. तासाच्या भाड्याची सायकल या शहराला नवी नव्हती. पूर्वीच्या दुकानदाराकडे पंक्चर काढायला पोऱ्या होता, आणि बाहेर ती सायकल चालवायला रस्ता होता. जंगली महाराज रस्त्याचा पदपथ नव्याने केला तेव्हा तिथे लोक चालू लागले, बाकांवर बसू लागले, मुलं खेळू लागली. कडेला मापून जागा दिली की ती वापरली जाते, याचा पुरावा पाहायला लांब जावं लागत नाही.

आता सातारा रस्ता पुन्हा उकरला जाणार. स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली, आणि त्याच दिवशी स्वारगेट–कात्रज या सुमारे साडेपाच किलोमीटरच्या भुयारी विस्ताराची पायाभरणी झाली. मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज अशी स्थानकं मूळ आराखड्यात आहेत. भुयार खालून जातं, स्थानकं मात्र वरून खणावी लागतात, आणि खणलेला रस्ता पुन्हा बांधताना कोणीतरी नव्याने छेद काढणारच. मेट्रो झाली की बसची गरज राहणार नाही, असं मानून तो काढला तर बालाजीनगरच्या आतल्या गल्लीतून, धनकवडीच्या चढावरून स्थानकापर्यंत माणसं येणार कशी? दुचाकीने आली तर ती लावायची कुठे?

आता मोजणी कॅमेरे करतात, रेघा कोणी मारत नाही. कॅमेऱ्याला बसच्या खिडकीतली माणसंही मोजायला लावता येतात, आणि तो रकाना अहवालाच्या पहिल्या पानावर घेता येतो. छेद काढताना पेन हद्दीच्या रेघेपासून आत यावं: आधी पदपथ, मग दोन मीटरचा सायकल ट्रॅक, खांब आणि पेट्या त्याच्याबाहेर, मग बस, आणि जे उरेल ते मोटारींना. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक खाली उतरवू नये. गाडीने वर चढून, ट्रॅक ओलांडून, खाली उतरावं. थांब्याकडे जाणारी झेब्राही तशीच उचललेली असावी. वॉर्डनचा पगार लेनच्या खर्चातच धरलेला असावा, पहिल्या दिवसापासून. पद्मावतीच्या चौकाचा असा छेद मी घरी काढून ठेवला आहे, एकास शंभर मापाने, ट्रेसिंग पेपरवर. प्रभागाच्या पुढच्या बैठकीला त्याचे प्रिंट घेऊन जाणार आहे.